हॅम रेडिओ: पहिला आवाज कुणाचा ऐकलात? अनुभव लिहा

नेट कंट्रोल, पुणे

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी आमच्या हॅम रेडिओ क्लबची नेट झाली, म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांची हवेवरची बैठक. चौदा स्टेशनं चेक-इन झाली, म्हणजे त्यांनी हजेरी लावली, आणि शेवटी एक नवीन आवाज आला, पहिल्यांदाच. स्वतःचं कॉलसाइन (स्टेशनची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे) त्याने तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज थरथरला, आणि नेटवर एकदम शांतता. मग एकेक जुना माणूस माईक घेऊन आपापला पहिला दिवस सांगायला लागला आणि साडेनऊला संपणारी नेट अकरापर्यंत चालली. सांगितलेलं हवेत विरून जातं म्हणून हा धागा. तुमचा पहिला कॉन्टॅक्ट, तुमचा क्लब, फसलेली अँटेना, काहीही चालेल, पण आपलं स्वतःचं लिहा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हॅम रेडिओ म्हणजे हौसेखातर, पण सरकारी परवाना घेऊन चालवायचं रेडिओ स्टेशन. वय बारा पूर्ण लागतं आणि परीक्षा द्यायची, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. रिस्ट्रिक्टेड या पहिल्या पायरीच्या परवान्याला व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं, मोर्सची (टिंब-रेघांच्या लिपीची) परीक्षा देऊन जनरल या वरच्या परवान्याला पोचलात की व्हीयू-टू. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत लपूनछपून बोलायचं नाही. जे बोलाल ते सगळ्यांनी ऐकावं असंच बोलायचं.

माझं सांगतो. सदाशिव पेठेत आमच्या वाड्यासमोर एक काका राहायचे, त्यांच्या गच्चीवर तारांचं जाळं. मी कॉलेजात होतो, रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. काकांनी दोन महिने माईकला हात लावू दिला नाही. "आधी ऐक," एवढंच. हेडफोन कानाला लावून मी नुसता ऐकत बसायचो, आधी फक्त खरखर, मग त्या खरखरीत शिट्टीसारखं काहीतरी, आणि एक दिवस त्यातून "सीक्यू, सीक्यू" (कुणी आहे का, अशी हाक) स्पष्ट ऐकू आलं, बंगळुरूचा कुणीतरी होता. तो आवाज आधीपासूनच तिथे होता, माझा कान तयार नव्हता. आता मी नवीन मुलांना हेच सांगतो आणि ती माझ्यावर वैतागतात.

सोलापूर, वय ६८

लिहायचं म्हणजे किल्लारीचंच लिहीन, दुसरं सुचत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. सोलापुरात आमच्या घरातली भांडी खाली आली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एका जीपमध्ये सेट, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि वायरचं भेंडोळं टाकून निघालो. तिथे जे दिसलं ते लिहीत नाही. दगडमातीची घरं, जाडजाड भिंती, वर मातीचं माळवद, सगळं माणसांवर आलेलं. पावसाची झड होती.

दोन लिंबांच्या मध्ये वायर ताणली, ताडपत्रीखाली सेट लावला आणि चाळीस मीटर बँडवर (सात मेगाहर्ट्झच्या आसपास) पुण्याला कॉल दिला. पुण्याहून लगेच आवाज आला, तिकडे माणूस रात्रभर सेटपुढे बसून होता. मग रांग लागली. वहीत लिहायचं, कुणाकडून, कुणाला, गाव, निरोप, वेळ. "आईबाबा सुखरूप." "धाकटी दवाखान्यात, काळजी करू नका." नाव चुकलं तर काय होईल याची धास्ती असायची, म्हणून इंग्रजी अल्फा-ब्राव्हो सोडून आम्ही सरळ मराठीत फोड करायचो, क कमळातला, ब बदकातला, ळ बाळातला. पलीकडचा तसंच परत म्हणून दाखवायचा.

एक आजोबा आले. मुलगा पिंपरीला असतो म्हणाले. कंपनीचं नाव? माहीत नाही. पत्ता? माहीत नाही. "लोखंड वितळवतो," एवढंच. मी तसाच निरोप पाठवला, कारण त्यांना नाही कसं म्हणायचं. पुण्याच्या आमच्या गड्याने तो कागद खिशात घातला आणि स्कूटरवर एकेक फाउंड्री फिरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिग्नल वरखाली होत होता, तेवढ्यात पुण्याहून आलं की मुलगा सापडला, निघालाय. आजोबा ताडपत्रीखालीच बसलेले होते, त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सेटवर हात ठेवून बसले, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

ती वही अजून माझ्याकडे आहे.

नेट कंट्रोल, पुणे

काका, हे तुम्ही नेटवर कधीच सांगितलं नव्हतं. वहीची पानं जपून ठेवा, पुढच्या मीटिंगला याल तेव्हा घेऊन या.

आंबेवाला, दापोली

आमच्याकडे ३ जून २०२०, निसर्ग वादळ. बागेतली निम्मी झाडं गेली ते एक, पण मला आठवते ती त्यानंतरची शांतता. वीज नाही, टॉवर नाही, फोनवर नुसतं 'नो सर्व्हिस'. मुंबईतला भाऊ तिकडे वेडा झालेला, त्याला वाटलं आम्ही गेलोच. माझा अँटेनाचा मास्ट मोडून विहिरीत पडला होता. पडलेल्या माडाच्या बुंध्यावर चढून पलीकडच्या उभ्या माडाला दोरी टाकली, वायर वर घेतली, ट्रॅक्टरची बॅटरी लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास सात मेगाहर्ट्झवर कोल्हापूरचं स्टेशन मिळालं. त्यांनी माझ्या भावाला फोन लावला, फोन सेटच्या माईकपाशी धरला. भाऊ रडत होता. मी त्याला म्हटलं, रडू नको, नीट ऐकू येत नाही मला.

मग वाडीतल्या वीस-बावीस घरांचे निरोप दिले. त्याआधी वाडीतली मंडळी माझ्या तारेखालून जाताना वर बघून हसायची. आता मास्ट उभा करायचा म्हटलं की न बोलावता सहा जण येतात.

दहा मीटर, डोंबिवली

मी गृहिणी आहे, पन्नाशीत परीक्षा दिली. मुलगा शिकत होता त्याला प्रश्न विचारता विचारता माझंच पाठ झालं, मग म्हटलं फॉर्म मीही भरते. परवाना हातात यायला बराच काळ गेला, कागद कुठे अडकला तेच कळेना, तोवर मी क्लबच्या मीटिंगला जाऊन नुसती ऐकत बसायचे.

परवाना आला तर सोसायटीने गच्चीवर अँटेना लावायला परवानगी दिली नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा नाही. रेडिएशन होतं, वीज पडते, टीव्ही खराब होतात. मी वाद घातला नाही पण वाईट फार वाटलं, कारण केबलच्या तारांचे गुंडाळे त्याच गच्चीवर कसेही लोंबत होते.

मग क्लबमधल्या एकाने सांगितलं की दहा मीटर बँडला डायपोल (मधून केबल जोडलेली साधी तारेची अँटेना) फक्त पाच मीटरचा लागतो. आमच्या लांब गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी साधारण तेवढीच. दोरीच्या आतून बारीक इन्सुलेटेड वायर ओवली, मध्ये फीड पॉइंट, म्हणजे केबल जोडायची जागा, कोअॅक्स केबल खिडकीतून आत. वर चादरी वाळत घातल्या की कुणाला काही दिसत नाही, फक्त ओली चादर असली की एसडब्ल्यूआर चढतो, म्हणजे अँटेना सेटशी नीट जुळत नाही, म्हणून ज्या दिवशी रेडिओ लावायचा त्या दिवशी मी कपडे आतच वाळवते. २०२३-२४ मध्ये सूर्यावरचे डाग वाढले होते, दहा मीटर पूर्ण उघडा होता, म्हणजे फार दूरचे सिग्नल पोचत होते, आणि दहा वॅटवर मला जपानचा एक माणूस मिळाला. त्याने रिपोर्ट दिला फाईव्ह-फाईव्ह, म्हणजे बोलणं स्पष्ट, सिग्नल बरा. मी हातात पोळीचं पीठ घेऊन उभी होते. त्याचं क्यूएसएल कार्ड (बोलणं झाल्याची पोचपावती) पोस्टाने आलं, फ्रीजवर लावलंय, कुणी विचारलं की सांगते की हे या दोरीवरून आलं.

शाळामास्तर, कराड

माझा अनुभव मुलांचा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, आवाजाच्या रूपात, त्याला एसएसटीव्ही म्हणतात. ते ऐकायला परवानाही लागत नाही. सातवीच्या पोरांना घेऊन संध्याकाळी मैदानावर गेलो, एक हँडी (हातात धरायचा छोटा सेट) आणि एक मोबाइल, मोबाइलवर चित्र उलगडणारं ॲप. स्थानक क्षितिजावर आलं आणि हँडीतून चिरचिर सुरू झाली, मोबाइल त्या आवाजापाशी धरला आणि स्क्रीनवर वरून खाली एकेक ओळ उमटायला लागली. एका चित्राला दोनेक मिनिटं लागतात. कुणी हललं नाही. अर्धं चित्र झालं आणि मध्येच एक पट्टा खरखरीचा आला, कारण एका पोराने उत्साहात हात हलवला आणि अँटेना वाकडी झाली, सगळे त्याच्यावर ओरडले. तो खरखरीचा पट्टा असलेलं चित्र आम्ही वर्गात लावलंय, शुद्ध आलेल्यापेक्षा तेच आवडतं मुलांना.

आपला स्वतःचा हॅमसॅट, म्हणजे हॅम लोकांसाठीचा भारतीय उपग्रह, होता हेही मी त्यांना सांगतो. ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ सोबत पीएसएलव्हीने गेला, साडेबेचाळीस किलोचा, आणि २०१४ पर्यंत चालला. मी त्याच्यावरून स्वतःचाच आवाज परत ऐकलाय, निमिषभर उशिरा. परत तसा एक उपग्रह वर जायला हवा, मनापासून वाटतं.

गिरगावकर

वरचं किल्लारीचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मला एक गोष्ट सांगायचीये जी माझ्या लहानपणी नाही, त्याच्याही आधीची, पण आमच्या गल्लीतली. १९४२ मध्ये चले जाव सुरू झाल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुपचूप काँग्रेस रेडिओ चालवला. पोलीस माग काढत होते म्हणून जागा सारख्या बदलायच्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडले गेले. त्यांची घोषणा असायची की ४२.३४ मीटरवरून बोलतोय. आता कुणी हॅम असेल त्याने हा आकडा घेऊन भागाकार करावा, ३०० भागिले ४२.३४, सात मेगाहर्ट्झच्या थोडं वर येतं. म्हणजे आपण आज ज्या चाळीस मीटरवर रविवारी "गुड मॉर्निंग, चहा झाला का" म्हणतो तोच पट्टा. मला हे कळलं तेव्हा मी लगेच सेट तिथे ट्यून केला. कुणीतरी केरळचे दोघं पावसाबद्दल बोलत होते. मी ऐकत बसलो.

न्यू जर्सी

इकडे परीक्षा फार सोपी, टेक्निशियन आणि त्यावरचा जनरल, दोन्ही परवान्यांना पस्तीस-पस्तीस प्रश्न, २००७ पासून कुठल्याच परवान्याला मोर्स नाही. परवाना काढला कारण एकटेपणा होता, खरं सांगतो. इथल्या क्लबमध्ये बहुतेक सत्तरीचे आजोबा, जूनमधल्या फील्ड डेला मैदानात तंबू ठोकून चोवीस तास बसतात, मला त्यांनी घरच्यासारखं घेतलं. पण मराठी ऐकायला मिळालं ते एका शनिवारी सकाळी, १४ मेगाहर्ट्झवर एक भारतातलं स्टेशन, आवाज ओळखीचा नाही पण हेल ओळखीचा. मी इंग्रजीतच रिपोर्ट दिला आणि शेवटी घाबरत म्हटलं, "आपण मराठी का?" पलीकडून दोन सेकंद काहीच नाही. मग, "अरे बोल की मग!"

आता दर शनिवारी बोलतो, तिकडची संध्याकाळ, इकडची सकाळ. सिग्नल असला तर. नसला तरी मी लावून बसतो.

टेकडीवरचा

फॉक्स हंटचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या क्लबचा सगळ्यात आवडता कार्यक्रम. एक जण छोटा ट्रान्समीटर घेऊन टेकडीवर कुठेतरी लपवतो, बाकीचे दिशा काढत शोधतात. अँटेना घरीच करायची, सुताराच्या मेजर टेपच्या पोलादी पट्टीची. मागचा तुकडा, म्हणजे रिफ्लेक्टर, साधारण एक मीटर पाच सेंटिमीटर, मधला ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, पुढचा ८९, पीव्हीसी पाइपवर होज क्लिपने आवळायचा. पट्टीवरचा पिवळा रंग घासून काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही, इथेच सगळे अडतात. पट्टीची चांगली गोष्ट म्हणजे झुडपात अडकली की वाकते आणि परत सरळ होते. मागच्या वेळी फॉक्स एका दगडाखाली होता आणि एक नववीतली मुलगी पंचवीस मिनिटांत पोचली, आम्ही मोठे लोक खडकावरून परावर्तन होऊन आलेल्या सिग्नलमागे उलट्या बाजूला पळत होतो. तिने जवळ गेल्यावर अँटेना काढून टाकली आणि हँडी पोटाशी धरून, अंगाच्या आडोशाने दिशा काढली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

नवीन, चाकण

रविवारी तो थरथरलेला आवाज माझा होता.

मी कंपनीत शिफ्टला असतो. बाबांचा जुना मर्फी रेडिओ होता, ते गेले तेव्हापासून बंदच. तो दुरुस्त करायला जुन्या बाजारात गेलो, तिथे एका माणसाने तापकीर गल्लीतल्या एकाचा पत्ता दिला, त्याने क्लबचा. चार महिने मी रिपीटरवर (आवाज पकडून पुढे दूरवर पाठवणारं स्टेशन) सगळ्यांना ऐकत होतो, तुमचे आवाज, कोण कधी खोकतं तेसुद्धा माहीत झालंय. पण तुम्हाला मी माहीत नव्हतो. बटण दाबलं तेव्हा वाटलं बाबांना ऐकू जाईल. म्हणून तसं झालं.

मर्फी चालू झाला परवा. मागची कपॅसिटर बदलली.

नेट कंट्रोल, पुणे

रविवारी पहिलं चेक-इन तुझं. मर्फी सेटजवळ ठेव आणि माईक त्याच्यापाशी... नाही, गाणी लावायची नाहीत, नियम आहे. आवाजाचं वर्णन करून सांग.

बाकी सगळ्यांसाठी: पुढच्या रविवारी नेटनंतर टेकडीवर फॉक्स हंट, सव्वादहाला खालच्या पाण्याच्या टाकीपाशी जमायचं. दोन मेजर टेप कमी पडतायत, जुने असतील त्यांनी आणा, पट्टी गंजलेली नको. सोलापूरचे काका येणार आहेत, त्यांना स्टेशनवरून आणायला गाडी कोण काढतंय ते इथेच लिहा.