मदत हवी आहे: डुकरांना ताप, कान लालनिळे, एक मेली. कोणतं इंजेक्शन देऊ?

रानवाट
परवापासून तीन डुकरिणींनी खाण्याला तोंड लावलेलं नाही. अंग तापलंय, कान आणि पोटाखालची कातडी लालनिळी पडलीये. आज पहाटे त्यातली एक गेली, नाकातून रक्ताचा फेस आला होता. कोणतं इंजेक्शन देऊ? लवकर सांगा.

गोठेकरी
ताप किती? एकूण जनावरं किती? स्वाइन फीव्हरची लस टोचलीये का? खायला काय घालता? महिन्याभरात बाहेरून नवीन जनावर आणलं का?

पाणवठा
ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक द्या, सोबत तापाचं. माझ्याकडे अस्सेच लाल चट्टे उठले होते, चार दिवसांत जनावरं उभी राहिली.

रानवाट
ताप 41.2. एकूण 34, त्यात 19 पिल्लं. लस सगळ्यांना टोचलीये, म्हणून तर ते लिहिलं नाही. खायला कोंडा आणि खाणावळीतलं खरकटं. पिल्लं सकाळपासून कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडलीत, हलवलं तरी उठत नाहीत.

गोठेकरी
@पाणवठा, तुमच्याकडे एरिसिपेलस असेल. तो जिवाणूंचा, चट्टे चौकोनी उठतात, औषधाने बरा होतो. स्वाइन फीव्हर विषाणूचा, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

पाणवठा
चालत नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं का? दुय्यम संसर्ग तरी थांबतो. मी अनुभवाचं सांगतोय, पुस्तकातलं नाही.

निळीशाई
मी पशुवैद्य आहे. लस देऊनही असं होत असेल तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरची शंका घ्यायलाच हवी. तुम्ही टोचलेली लस साध्या, म्हणजे क्लासिकल स्वाइन फीव्हरची, ती त्यावर काम करत नाही, दोन्ही विषाणू अगदी वेगळे. नुसतं बघून मीही फरक सांगू शकणार नाही, रक्त पीसीआरला, म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला पाठवावं लागेल. सरकारी पशुवैद्यांना आत्ता फोन करा. मेलेली डुकरीण फाडू नका, तिच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो. आणि एकाच सुईने सगळ्यांना टोचत सुटू नका, रोग तुम्हीच पसरवाल.

भाबडा_प्रश्न
हा माणसांना होतो का? घरात लहान मूल आहे. स्वाइन फ्लू तोच ना?

निळीशाई
नाही, स्वाइन फ्लू वेगळा. क्लासिकल आणि आफ्रिकन, दोन्ही माणसाला होत नाहीत. पण माणसाच्या बुटांवरून, कपड्यांवरून पुढच्या शेडपर्यंत जातात.

चौथी_ओळ
शेडच्या फरशीला उतार आहे का? पाणी साचलं की खुरं कुजतात. मी नवीन शेड बांधताना गटार आधी काढलं.

रानवाट
फरशीचं नंतर बघू हो. एक व्यापारी दारात उभा आहे, उरलेली आजच्या आज उचलतो म्हणतोय. दिली तर निदान खर्च तरी निघेल. देऊ का?

मावळतीकडे
देऊ नका. हात जोडून सांगतो. मी दिली होती, वरून धडधाकट दिसणारी पाच. ज्याच्याकडे गेली त्याचं अख्खं शेड तीन आठवड्यांत रिकामं झालं. आजही त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

निळीशाई
विकू नका. आजार दिसायच्या आधीही जनावर विषाणू टाकत असतं. खरकटं आजपासून बंद. 2007 मध्ये जॉर्जियात हा रोग शिरला तो जहाजांवरच्या खरकट्यातून असं मानतात. घालायचंच झालं तर 90 अंशांवर तासभर ढवळत शिजवलेलंच. शेडच्या दारात 2 टक्के कॉस्टिक सोड्याचं पाणी ठेवा, पण आधी बूट घासून शेण काढा. शेणावर औषध ओतून उपयोग नाही.

पाणवठा
आफ्रिकनवर व्हिएतनाममध्ये लस निघाली आहे ना? ती मागवा.

निळीशाई
2023 मध्ये तिथे दोन लसींना परवानगी मिळाली, खरं आहे. पण त्या जिवंत विषाणूच्या लसी आहेत. आजारी कळपात आपल्या मनाने टोचायची ती वस्तू नाही.

रानवाट
डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेले. व्यापाऱ्याला परत पाठवलं. दुसरी डुकरीण आत्ता गेली. एक सांगायचं राहिलं, 12 दिवसांपूर्वी एक नर आणला होता. तो ठणठणीत आहे म्हणून लिहिला नाही.

गोठेकरी
पहिल्याच प्रतिसादात मी तेच विचारलं होतं. वेगळा ठेवला होता का? ज्याच्याकडून आणला त्याला फोन केला?

रानवाट
नाही, थेट कळपातच सोडला. फोन आत्ता केला. त्याच्याकडची चार मेली, आठवडा झाला म्हणे.

निळीशाई
त्याचा नंबर डॉक्टरांना द्या, लगेच. त्याने अजून कुणाकुणाला जनावरं दिलीत तेही विचारा.