मदत हवी आहे: फड पद्धतीतील बंधारा, चारी आणि फड ओपनस्ट्रीटमॅपवर कसे नोंदवावेत?

नमस्कार. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर असलेल्या फड पद्धतीच्या (बंधारा आणि पाटाने शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, पाळीने पाणी देणारी सामूहिक सिंचन पद्धत) बांधकामांची ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणीही संपादित करू शकेल असा खुला नकाशा) नोंद करताना मी वर्गीकरणापाशी अडलो आहे.

बंधाऱ्याबद्दल आता शंका नाही. मी तो आधी 'डॅम' म्हणून नोंदवला होता. परंतु हे दगडी बंधारे पाणी साठवण्यासाठी नसून नदीची पातळी पाटाच्या तोंडापर्यंत उचलण्यासाठी बांधलेले आहेत आणि जास्तीचे पाणी माथ्यावरूनच वाहून जाते, म्हणून 'वेअर' योग्य, हे एका सदस्याचे म्हणणे मला पटले. पाट अर्थातच 'कॅनॉल'.

पुढे मात्र घोळ होतो. पाटातून फडाला पाणी देणारी चारी आणि चारीतून एकेका शेतात जाणारा सारंग, हे दोन्ही 'डिच' (लहान चर) म्हणून नोंदवले, तर पाणीवाटपाची उतरंडच नकाशावरून पुसली जाते. शिवाय मी पाहिलेल्या चारीच्या तोंडाला दार नव्हते. पाटकरी (पाणी वाटणारा माणूस) दगड, माती आणि गवताचा बोळा लावून ते बंद करतो आणि पाळी आली की फावड्याने फोडतो. दर पाळीला नव्याने होणाऱ्या या गोष्टीला 'स्लुइस गेट' (पाणी अडवण्या-सोडण्याचे दार) म्हणणे मला तरी अतिशयोक्ती वाटते.

खरा पेच फडाचा आहे. फड म्हणजे एकाचे शेत नव्हे; अनेक कुटुंबांच्या जमिनी त्यात लागून असतात, सगळ्यांचे पीक एकच असते आणि ते फडाफडांतून फिरते. यंदा 'फार्मलँड' (शेतजमीन) आखून पीक ऊस लिहिले, तर पुढच्या फेरात ती नोंद खोटी ठरेल. उपग्रहचित्रात तर सलग हिरवा पट्टा दिसतो, हद्द गावकऱ्यांनाच ठाऊक असते. प्रत्येक फडाचा स्वतंत्र बहुभुज आखून त्याला गावातले नाव द्यावे आणि पीक लिहूच नये, की एका बंधाऱ्याखालील सगळे फड 'रिलेशन'मध्ये (अनेक आकृत्यांना एकत्र जोडणारी नोंद) बांधावेत? माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण 'रिलेशन' नवख्या संपादकाच्या हातून सहज तुटते.

अजून एक. काही पाट वापरातून गेले असून त्यांत बाभळी उगवल्या आहेत, पण काठाचे दगडी बांधकाम जागेवर शाबूत आहे. असे पाट 'डिसयूज्ड' उपसर्ग लावून ठेवावेत, की 'हिस्टॉरिक' गटात न्यावेत?