मागाच्या खोलीत डार्ट लावायचंय, पण भिंत मातीची

वडगावचा म्हातारा:

नमस्कार मंडळी. जन्म गेला मागावर. दोन वर्षांमागं माग विकले, तेव्हापासून ती लांबलचक खोली रिकामी आणि मीही रिकामा.

यंदा उन्हाळ्यात पोराकडं इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला दोन महिने राहून आलो. रविवारी पबला जाऊया म्हणाला. गळ्यात माळ, मी कसला जातोय? "बाबा, नुसता सोडा प्या की." गेलो. बघतोय तर माझ्या वयाची माणसं एकेक ग्लास पुढ्यात घेऊन दुपारभर बसलेली, आणि आरडाओरडा चाललेला तो सगळा खेळाचा. कोपऱ्यात चामड्याची गादी मारलेलं टेबल, त्यावर नऊ लाकडी सोंगट्या, लांबून लाकडी चकत्या फेकून त्या पाडायच्या. टेबल स्किटल्स म्हणतात. चकतीला मात्र तिथं 'चीज' म्हणतात. एकानं माझ्या हातात चकती ठेवून "चीज" म्हटलं, मी वास घेतला. सगळा पब हसला. पाळीला तीन चकत्या. माझ्या तिन्ही बाजूच्या गादीला जाऊन आपटल्या.

खेळायच्या आधी फिरायला जायचं, हा तिथला शिरस्ता. पायवाट सरळ दुसऱ्याच्या गव्हातून जाते आणि मालक काही बोलत नाही! आमच्याकडं बांधावर पाय पडला की कोर्टाची पायरी. मग जेवण. सगळ्यांना मांसाचा रोस्ट, मला दाणे-काजूचा. चव बरी, पण मिरचीवाचून सगळं अळणी. यॉर्कशायर पुडिंग नाव ऐकून गोड असेल म्हणून हात घालणार, तोवर पोरगं ओरडलं, अंडं आहे त्यात.

तर येताना त्यानं डार्टचा, म्हणजे लहान टोकदार बाण फेकायचा, बोर्ड बांधून दिलाय. तो मागाच्या खोलीत लावायचाय. भिंत दगड-मातीची, खिळा ठोकला की पोपडा येतो, आणि आता आषाढात ओल धरलीय. काय करू? आणि असा रविवार इथं बेळगावात जमवायचा तर फिरायला कुठं आणि खायला काय, तेही सांगा. घरात ही म्हणतेय, सुया फेकायला विलायतेहून काय आणलंत?

कॅम्पातला नेमबाज:

काका, भिंतीला हातच लावू नका. बोर्ड घायपाताच्या दोराचा असतो (तेच ते, बांधावरचं घायपात), ओल लागली की फुगतो. मागाची जुनी फळी शिल्लक असेल तर ती तुळईला दोन दोरांनी टांगा, भिंतीपासून चार बोटं सुटी, खालून दोन खुंट्यांना बांधा म्हणजे हलणार नाही. बोर्ड त्या फळीवर.

माप चुकवू नका. बोर्डाचा मधला ठिपका जमिनीपासून 1.73 मीटर. फेकायची रेघ बोर्डाच्या तोंडापासून 2.37 मीटर. 20 चा आकडा वर. आकड्यांची तारेची कडी निघते, महिन्या-दोन महिन्यांनी बोर्ड थोडा फिरवून कडी परत बसवा, नाहीतर 20 च्या घराची चाळण होईल. आणि खाली शहाबादी फरशी असेल तर जुनी वाकळ अंथरा, टोकं मोडतात.

खानापूरचा पांडू:

काय करूलालाय काका! कॅरम सोडून हे कशाला? कॅरमला पावडर, बोर्ड आणि चार माणसं, संपलं. डार्टमध्ये हिशेब किती! 501 पासून वजा करत खाली यायचं म्हणे, आणि शेवटचा बाण डबलच्या, म्हणजे आकडा दुप्पट धरायच्या काठाच्या बारीक पट्टीत बसूनच बरोब्बर शून्य. आम्हाला दुकानातली उधारी वजा करताना घाम फुटतोय.

फिरायचं तर येळ्ळूरच्या वाटेला लागा. वडगावातून शेतातनं रस्ता, भातलावणी बघत जायचं आणि जमलं तर राजहंसगड चढायचा. पावसात मात्र निसरडं असतंय. गुडघे दुखत असतील तर सपाटीला किल्ला आहेच. आत कमल बस्ती हे जैन मंदिर बघा, 1204 सालचं, छताला दगडात कोरलेलं कमळ. मान दुखेस्तोवर बघत बसावं असं.

शहापूरची सून:

खायचं मी सांगते. गिरमिट आणि मिरची भजी. चुरमुऱ्यांना चिंच-गुळाचा मसाला आधी चोळायचा, कांदा नि फुटाण्याचं पीठ शेवटी. खेळणारे हाक मारतील तेव्हाच कालवा, दहा मिनिटांत मऊ पडतं. मांडे-बिंडे करायला काकूंना सांगू नका हो, ते लग्नाघरचं काम. गोड हवं तर कुंदा आणा.

आणि काकूंनाही बाण द्या फेकायला. नुसती भजी तळायला ठेवू नका.

वडगावचा म्हातारा:

सगळ्यांचे उपकार. फळी टांगली, रेघ चुन्यानं ओढली. कॅरमवाल्यांनी रागावू नये, चौघं जमले नाहीत तर इकडंच यायचंय.

पहिल्या रविवारी शेजारचे दोघं आले. येळ्ळूरच्या वाटेला निघालो खरं, पण पावसानं गाठलं, अर्ध्यातून परत. चिखलाचे पाय धुऊन डाव मांडला. मी 501 वरून 32 वर आलो. 16 चा डबल लागला की संपलं. पहिला बाण 16 च्या घरात, पण डबलच्या बाहेर राहिला, उरले 16. आता 8 चा डबल. दुसरा लागला 20 ला! उरल्यापेक्षा जास्त पडले की ती पाळीच फुकट, परत 32. शेजारी म्हणतोय हा नियम मी पोराच्या नावावर खपवतोय. पोराला फोन लावला, तिकडं सकाळ, पोरगं झोपेत.

तेवढ्यात ही भज्याचं ताट घेऊन आली. सूनबाईंचा निरोप सांगितला, तर ताट खाली ठेवून म्हणाली, आणा इकडं. तीन बाण. दोन वाकळेत, एक बोर्डाच्या वर, फळीत. तो अजून निघत नाहीय. पक्कड आहे का कुणाकडं, लहान तोंडाची?