मुलाचा घसा दुखतोय, मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिक सुरू करू का?

सांगलीची_आई
मुलगा नऊ वर्षांचा. परवा शाळेतून आला तोच घसा धरून. काल रात्री ताप 102. खोकला नाही, सर्दी नाही. घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. टॉर्च लावून बघितलं तर टॉन्सिल लालभडक, वर पांढरे ठिपके. जबड्याखाली दोन्हीकडे गाठी, हात लावू देत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नीट ऐकूनही न घेता अ‍ॅझिथ्रोमायसीनची पट्टी पुढे सरकवली. सासूबाई म्हणतात हळद-दूध दे, उतरेल. पट्टी अजून फोडलेली नाही.

कोकणी_बाणा
गोळ्या कशाला? ज्येष्ठमध चघळायला द्या, मीठ घालून कोमट पाण्याच्या गुळण्या. आमच्याकडे सगळ्यांचे घसे यावरच सुटतात. दही, आइस्क्रीम बंद.

माजी_सिस्टर
सरकारी इस्पितळात हृदयरोगाच्या वॉर्डात नोकरी झाली माझी, म्हणून जरा लांबण लावते.

बाणा, तुमचं बरंचसं खरं आहे. बहुतेक घसे विषाणूमुळे धरतात. नाक वाहतं, खोकला येतो, आवाज बसतो आणि आठवडाभरात आपोआप जातं. तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पण ताईंच्या मुलाला खोकला-सर्दी नाही. ताप, ठिपके, दुखऱ्या गाठी आहेत आणि वयही नेमकं तेच. हा स्ट्रेप्टोकॉकस जंतू असू शकतो. नुसत्या टॉर्चवर डॉक्टरही फसतात, घशाचा स्वाब, म्हणजे कापसाच्या काडीने घशातला नमुना, घेतला की कळतं.

आता स्ट्रेपचा घसासुद्धा औषधाविना बरा होतो. खरी भानगड पुढे आहे. त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली फौज काही मुलांत स्वतःच्याच हृदयावर उलटते. दोन-तीन आठवड्यांनी ताप, आज गुडघा सुजला, परवा घोटा. सांधे पुन्हा ठीक होतात, हृदयाची झडप होतेच असं नाही. आमच्या वॉर्डात पहिलटकरणी यायच्या, सातव्या महिन्यात धाप लागलेल्या, उशा रचून बसलेल्या, आडवं होता येत नाही. मायट्रल झडप आकसलेली. लहानपणी घसा दुखायचा का विचारलं की त्यांची आई म्हणायची, ‘दुखायचा की, पण आपला आपण राहायचा.’ या आजाराला रुमॅटिक फीवर म्हणतात. त्यात दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. पोरं कंबर धरून लंगडत घरी जायची.

तेव्हा डॉक्टरकडे आजच न्या. स्ट्रेप निघालं तर सहसा पेनिसिलीन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलीन देतात, पूर्ण 10 दिवस. दोन दिवसांत पोरगं खेळायला लागतं आणि बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते, तसं करू नका. अ‍ॅझिथ्रो मुख्यतः पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी. रिपोर्टला दोन दिवस लागले तरी घाबरू नका. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध चालू झालं तरी हृदय वाचतं.

तोवर पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. गुळण्या, हळद-दूध चालू द्या, बरं वाटतं. आणि आइस्क्रीमही द्या, बाणा काहीही म्हणोत. गार गिळलं की ठणका कमी होतो.

सांगलीची_आई
सासूबाई विचारतात, घटसर्प तर नसेल? त्यांच्या माहेरी एक मूल गेलं होतं त्यात.

माजी_सिस्टर
प्रश्न रास्त आहे त्यांचा. घटसर्पात घशात राखाडी पापुद्रा घट्ट चिकटतो, खरवडला तर रक्त येतं. लसीचं कार्ड काढा, पाचव्या वर्षीचा बूस्टर झालाय का बघा. दहाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) सुई असते, ती चुकवू नका. असा पापुद्रा दिसला, लाळ गळायला लागली, तोंड उघडेना किंवा श्वासाला घरघर आली, तर अपॉइंटमेंट वगैरे विसरा, थेट इस्पितळ गाठा.

सांगलीची_आई
बूस्टरचा शिक्का आहे कार्डावर. पापुद्रा नाही, सुटे ठिपकेच आहेत. संध्याकाळी सहाची वेळ मिळाली, स्वाबचं विचारतेच.

कोकणी_बाणा
आइस्क्रीमचं सासूबाईंना कोण सांगणार, तेही ठरवून ठेवा.