आईच्या कमरेसाठी टेन्सचा पट्टा: बिल कसं करून घेऊ?

खानापूर_लाईन:
नमस्कार मंडळी. आई 68 वर्षांची, कंबर आणि दोन्ही गुडघे कायमचे धरलेले. बेळगावातल्या फिजिओनी टेन्सचा (कातडीवरून हलका करंट देऊन दुखणं कमी करणाऱ्या मशीनचा) पट्टा सुचवलाय. आतून करंट जाणाऱ्या धाग्याचं कापड, वर चार टिचबटणं, त्यांना मशीनच्या वायरी लावायच्या. बांधण्याआधी कापडावर पाण्याचा फवारा मारावा लागतो. आई पहिल्यांदा म्हणाली, "ओलं फडकं पोटाला बांधून बसू होय रे मी?" पण वीस मिनिटांनी उठताना तिने खुर्चीचा हात धरला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता पट्टा तिथेच ठेवलाय, घ्यायचा आहे. दुकानदार कच्च्या पावतीवर 'मसाज बेल्ट, 1 नग' लिहून देतो म्हणतोय. नेटवर वाचलं की याला ई0731 असा कोड असतो, तो बिलावर आला की विमा पास होतो. कंपनीची पॉलिसी आहे. कोणी केलंय का हे?

रात्रपाळी:
टिळकवाडीत बसून रात्रभर अमेरिकेची वैद्यकीय बिलं करतो, म्हणून सांगतो. तो कोड तिकडचा आहे ओ. मशीनचा ई0730, कपड्याचा ई0731. इथल्या क्लेम डेस्कवर त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट कागद कुठून उतरवला म्हणून शंका घेतील.

आणि तिकडे तरी कोड घातला की पैसे येतात असं थोडंच आहे? मेडिकेअरने (तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याने) कमरेच्या जुनाट दुखण्यासाठी टेन्सचे पैसे द्यायचं 2012 मध्येच थांबवलं. दुसऱ्या जुनाट दुखण्यांत आधी किमान 30 दिवस मशीन वापरून बघायचं, फरक पडला असं डॉक्टरनी लिहायचं, मग खरेदी. कपड्याचं तर आणखी अवघड. साध्या चिकट पॅडनी का भागत नाही ते कागदावर लागतं: दुखरी जागा फार मोठी आहे, हात पोचत नाही, नाहीतर पॅडचा चिकटपणा कातडीला सोसत नाही. आमच्याकडे परत येणाऱ्या फायलींत बहुतेक हेच एक वाक्य नसतं.

तेच आईच्या बाबतीत स्वतःला विचारा. पॅड पाठीवर चिकटवायला घरात कोणी असेल तर महाग कापड कशाला?

कुंदा_डबल:
क्लेमचं माझ्याकडून ऐका. वडिलांच्या पाठीच्या ऑपरेशननंतरचा कमरपट्टा कंपनीने सरळ कापला. बिमा नियामकाची न देण्याच्या वस्तूंची यादी असते, त्यात लंबो-सॅक्रल बेल्ट (कमरेचा पट्टा), नी ब्रेस (गुडघ्याचा), सर्व्हायकल कॉलर (मानेचा) असली सगळी मंडळी बसलेली आहेत. तुमचं तर अॅडमिशनच नाही. ओपीडीचं कलम नसेल तर बिल कितीही चकाचक असू दे, जाणार नाही. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे 60 दिवस धरतात, पण ते अॅडमिट होऊन आलेल्याला. मी चार महिने मेल लिहीत बसलो. तुम्ही बसू नका.

मांडे_आणि_तूप:
आमचं गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांत येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2023 मध्ये महाराष्ट्राने आपल्याला लागू केली, त्यात होईल का?

कुंदा_डबल:
नाही हो. ती ठरलेल्या पॅकेजची, इस्पितळातल्या उपचारांची. इकडच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचंही तसंच. घरी नेऊन बांधायच्या पट्ट्याला दोन्ही सरकारं एकमताने नाही म्हणतात, सीमाप्रश्नात तेवढं तरी जमलं!

हातगुण:
मी फिजिओ आहे. विमा विसरा, पण बिल पक्कंच घ्या. पट्टा आणि मशीन वेगवेगळ्या ओळीत, मॉडेल आणि सिरीयल नंबर, जीएसटी, आईचं नाव. 'मसाज बेल्ट' लिहून घेतलात तर उद्या वॉरंटीला दुकानदारच म्हणेल हे आमचं मशीन नव्हे. वैद्यकीय उपकरणांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, बिलावर काय लावलंय बघा. क्लिनिकच्या सेशनवर मात्र जीएसटी नसतो. सेशन आणि पट्टा एकाच आकड्यात गुंडाळू देऊ नका.

त्याआधी महिनाभर भाड्याने मागा, आमच्यापैकी बरेच जण देतात. आणि आईला पेसमेकर असेल तर हात लावू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, धाग्यावर थर बसतो.

हिशेबनीस:
आईच्या नावावर कुठलाच आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर साठीपुढच्या आईच्या औषधोपचाराचा खर्च प्राप्तिकराच्या 80डी कलमाखाली (2025 च्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा वेगळा आहे) उत्पन्नातून 50,000 पर्यंत वजा मिळतो. आणखी एक अट, पैसे रोख द्यायचे नाहीत. यूपीआय, कार्ड, चेक काहीही चालेल. डॉक्टरांची चिठ्ठी बिलाला टाचून ठेवा.

खानापूर_लाईन:
सगळ्यांचे आभार. हिशेबनीस, तुमचं वाचून कपाटातलं विम्याचं कार्ड काढलं. मी, बायको, पोरगी. आईचं नावच नाही! तीन वर्षं मी तिला "तुझा विमा आहे, घाबरू नको" सांगत होतो.

पेसमेकर नाही. कर जुन्याच पद्धतीत भरतो. फिजिओ पट्टा महिनाभर भाड्याने द्यायला तयार आहेत. दुकानदाराला पक्क्या बिलाचं विचारलं तर म्हणाला, "मग किंमत वेगळी पडेल ओ." किती वेगळी, ते शनिवारी कळेल.