छर्रे सोडले की पाणबुडीचं नाक वर येतं. पाण्याची टाकी मोठी करू का?

बुडबुडा:
नमस्कार मंडळी. तळ्यात एकमेकांवर छर्रे झाडणाऱ्या मॉडेल जहाजांच्या लढाईसाठी १:१४४ मापाची सातसी (VIIC) जातीची यू-बोट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, बांधली आहे, लांबी साडेशेहेचाळीस सेंटीमीटर. नाकात गॅसवर चालणारी एक तोफ आणि तिथंच ४.५ मिमीचे ५० पोलादी छर्रे. टबात बेतानं, आडवी बुडते. तळ्यात पंधरा-वीस छर्रे सुटले की नाक वर, शेपूट खाली, आणि कितीही पाणी आत घेतलं तरी आडवी होत नाही. काल अर्धा मीटर खाली गेल्यावर रिमोटच ऐकेनासा झाला (२.४ गिगाहर्ट्झ). वीस मिनिटं काठीनं चिखल ढवळत होतो. बोट मिळाली, प्रोपेलरचं एक पातं अजून तळाशीच आहे.

गळकी होडी:
बुडबुडा, टाकीला नंतर हात लावा, आधी हिशेब बघा. खरी बोट पाण्यावर ७६९ टन, बुडाल्यावर ८७१. फरक १०२ टन. त्याला १४४च्या घनानं भागलं की ३४ ग्रॅम येतात! एवढंच तुमचं बॅलास्ट, म्हणजे बुडण्यासाठी टाकीत घ्यायचं पाणी. आता एक छर्रा साधारण ०.३५ ग्रॅमचा, म्हणजे ५० छर्रे १७ ग्रॅम. अर्ध्या बॅलास्टइतकं वजन तुम्ही समोरच्यावर उडवताय, तेही सगळं नाकातून. नाक वर येईल नाही तर काय?

छर्‍यांची नळी कॉनिंग टॉवरखाली (पाठीवरच्या बुरुजाखाली), गुरुत्वमध्याशी गुंडाळून बसवा आणि तिथून नाकापर्यंत पाइप न्या. मग वजन कमी होतं ते मधून. तेवढं पाणी जास्त घ्यायला टाकी पंधरा मिलीनं वाढवली की काम होतं.

आणि टाकी अर्धी भरलेली असेल तर नाक वर होताच आतलं पाणी शेपटीकडे धावतं, तिरकेपणा आणखी वाढतो. म्हणून मी पिस्टनवाली टाकी वापरतो, सिरिंजसारखी. तीही बिनचूक नाही म्हणा. गेल्या महिन्यात ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) एक केस अडकला होता, तो मला दिसलाच नाही. दहा मिनिटांत रिसीव्हरवर हिरवट बुरशीसारखा थर! आता झाकण लावण्याआधी ग्रीस लावलेल्या रिंगवरून हाताचं बोट फिरवतो, डोळ्यांवर विश्वास नाही.

तारवाला:
गळकीदादांशी सहमत. रेडिओचं मात्र वेगळं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात इंच-दोन इंचातच जिरायला लागतात. जुना ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचा सेट घ्या (तुमच्याकडे कोणत्या पट्ट्याला मुभा आहे ते पाहून), गोड्या पाण्यात तो काही मीटर खाली चालतो. खारं पाणी विसरा. अँटेना कापू नका, सुटं टोक पाण्याला लागू देऊ नका. सिग्नल गेला की पिस्टन आपोआप पाणी बाहेर ढकलेल, असा फेलसेफ आधीच लावा. चिखल ढवळायची वेळ येणार नाही.

गळकी होडी:
आणि पुढची बोट बांधायची असेल तर फ्रेंच पाणबुडी सुरकूफ बघा. ११० मीटरची, मॉडेल ७६ सेंटीमीटर. दोन २०३ मिमीच्या तोफा, आणि बॅलास्टला साडेतीनशे ग्रॅमची मुभा. छर्‍यांनी डोलणार नाही. यू-बोटीत गॅसची बाटली घुसवताना मी जेवढा चिडलोय, तेवढा कशातच नाही.

बुडबुडा:
नळी मध्ये हलवली. आज टबात तीस छर्रे सोडले, बोट आडवीच राहिली. बायकोनं मात्र टबापासून लांब उभं राहायला सांगितलंय, चष्मा लावूनसुद्धा. पातं सापडलं. शोधताना आणखी सहा छर्रे मिळाले, माझे नाहीत, गंजलेले होते.