कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांब उजळायचे आहेत, पण गवाक्ष पांढरे पडता कामा नये

लेणीवाट :
कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाजवळ उभे राहून दाराच्या दिशेने एक छायाचित्र घेतले. तिपाईला परवानगी लागत असल्याने कॅमेरा हातातच धरला होता आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ठेवावा लागला. पिंपळपानाकृती गवाक्ष नीट आले आहे. मात्र दोन्ही बाजूंचे खांब जवळजवळ काळे पडले असून त्यांच्या शिरोभागावरील हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी ओळखूही येत नाहीत. गिंप २.१० या चित्रसंपादन प्रोग्राममध्ये ब्राइटनेस वाढवून पाहिला, तर दगडावर धुके पसरल्यासारखे दिसू लागले आणि गवाक्षातील सारा तपशील उडाला. जेपेग आणि रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) अशा दोन्ही फाइली माझ्याकडे आहेत. केवळ खांब उजळण्याचा मार्ग कोणी सांगू शकेल का?

उन्हसावली :
ब्राइटनेसची पट्टी संपूर्ण चित्रावर चालते. तुम्हाला फक्त सावलीचा भाग हवा असल्याने मास्कचा, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्याचा, आधार घ्यावा लागेल; तो पांढरा असेल तेथे लेयर दिसतो आणि काळा असेल तेथे झाकला जातो. मूळ लेयरची (चित्राच्या थराची) प्रत काढून तिचा मोड 'स्क्रीन' करा. मग त्या प्रतीला लेयर मास्क जोडताना 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर' हा पर्याय निवडून 'इन्व्हर्ट मास्क' वर खूण करा. आता मास्क गवाक्षावर काळा आणि खांबांवर पांढरा असेल, म्हणजे उजळपणा खांबांवरच लागू होईल. स्क्रीन मोडमध्ये (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा या मापात) ३० मूल्याचा बिंदू साधारण ५६ वर जातो, पण शून्यावर असलेला बिंदू शून्यावरच राहतो. जेथे काहीच नोंदले गेलेले नाही, तेथून काही काढता येणार नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणूनच चित्र सपाट दिसते. मास्क निवडून त्यावर गॉशियन ब्लर (मास्क धूसर करणारे फिल्टर) द्या. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या चित्राला मी तीस-चाळीस पिक्सेलपासून सुरुवात करतो. ब्लर दिला नाही, तर छिन्नीच्या प्रत्येक खाचेतली सावली तिच्या कडेपेक्षा जास्त उजळते, दोन्हींतील फरक कमी होतो आणि दगडाचा खडबडीतपणाच नाहीसा होतो. उलट ब्लर फार झाला, तर गवाक्षाच्या कडेभोवती वलय उमटते. त्यामुळे चित्र शंभर टक्के झूमवर ठेवून ती कड पाहत पाहतच आकडा ठरवावा.

'कलर्स' मेनूतील 'शॅडोज-हायलाइट्स' हे फिल्टरही असेच काम करते, परंतु मास्क हाताने दुरुस्त करता येतो म्हणून मला तो अधिक भरवशाचा वाटतो.

काळाकॅनव्हास :
वरील पद्धत योग्यच आहे, पण कृपया ती जेपेगवर करू नका. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो. त्यामुळे चौदा बिटांच्या रॉ फाइलमधील १६,३८४ पातळ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, सर्वांत उजळ स्टॉपलाच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची पायरी) जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, आणि असे निम्मे होत आठव्या स्टॉपला अवघ्या ६४ उरतात. तुमचे खांब त्याच तळाशी आहेत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला एकूण २५६ पातळ्या असतात आणि सावलीतले बारकावे कॉम्प्रेशनमध्ये आणखी पुसले जातात. म्हणून रॉ फाइल डार्कटेबल या रॉ संपादन प्रोग्राममध्ये उघडा, आधी नॉइज (अंधाऱ्या भागातले ठिपके) कमी करा आणि मग 'टोन इक्वलायझर' मध्ये खालचे पट्टे दीड स्टॉपपर्यंत वर घ्या. त्यापलीकडे गेल्यास आयएसओ १६०० च्या चित्रात जांभळे-हिरवे ठिपके दिसू लागतील, असा माझा अंदाज आहे.

लेणीवाट :
दोघांचेही मनापासून आभार. रॉ फाइलवर सव्वा स्टॉप उजळल्यावर उजवीकडच्या तिसऱ्या खांबावरील हत्तीची सोंड आणि स्वाराचा हात स्पष्ट दिसू लागला. गवाक्ष जसेच्या तसे आहे. मात्र छतातील लाकडी फासळ्यांमध्ये ठिपके उठले आहेत आणि ते लाकूड मूळचे, प्राचीन असल्याने तो भाग कापून टाकण्याची इच्छा नाही.

उन्हसावली :
कापू नका. डार्कटेबलमधून दोन प्रती काढा, एक उजळलेली आणि एक न उजळलेली, आणि गिंपमध्ये उजळलेली वर ठेवून तिला पांढरा मास्क जोडा. मोठ्या, मऊ कडेच्या ब्रशची अपारदर्शकता वीस टक्के ठेवून मास्कवर छताच्या जागी काळ्या रंगाने दोन-तीन हात फिरवा. छत पुन्हा थोडे अंधारेल आणि ठिपके त्यात मिटून जातील. फासळ्यांची कमान तेवढ्या उजेडातही दिसते. फाइल एक्ससीएफमध्ये (लेयर आणि मास्क टिकवणाऱ्या गिंपच्या स्वरूपात) जतन करा, म्हणजे हात जास्त फिरला तरी पांढऱ्या रंगाने तो भाग परत आणता येईल.